काष्ठगंध : आपल्या व्यवसायाची न लिहिलेली बखर

आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे साधनांची मोठी टंचाई भासते. राजांच्या बखरी आहेत, सरदारांच्या कैफियती आहेत, देवस्थानांच्या सनदा आहेत. परंतु ज्यांनी राजांचे वाडे उभारले, सरदारांच्या पालख्या घडविल्या आणि देवांचे रथ जोडले, त्या सुतारांचे दप्तर कोठेच नाही. आपल्या वाडवडिलांपैकी फार थोड्यांस अक्षरओळख होती आणि ज्यांस ती होती त्यांस लिहावयास सवड नव्हती. तथापि कागद नाही म्हणून आठवणही नाही, असे होत नाही. शाळेतून सेवानिवृत्त झाल्यापासून आम्ही ज्ञातीतील वृद्ध मंडळींकडे बसून जुन्या कामांची माहिती विचारीत आहोत. सन विचारला तर ती गोंधळतात, मालकाचे नाव विचारले तर आठवून पाहतात व सोडून देतात. मात्र लाकूड कोणते होते असे विचारताच त्यांचा चेहरा उजळतो आणि रंगाच्या आधी ती त्या लाकडाच्या वासाचे वर्णन करू लागतात. त्या वासामागोमाग घर, गाव, मजुरी, लग्नकार्य असे सर्व काही ओळीने बाहेर येते. लाकडाचा वास हीच आपल्या व्यवसायाची न लिहिलेली बखर होय, असे आम्हांस यावरून वाटू लागले. तिची चार पाने या स्मरणिकेत उतरवून ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम लाकडास वास येतो कोठून, हे थोडक्यात पाहू. झाड जून होऊ लागले म्हणजे खोडाचा मधला भाग पाणी वर चढविण्याचे काम सोडून देतो आणि त्या भागात तेले, राळ, तुरट द्रव्ये इत्यादी पदार्थ साठत जातात. यासच आपण गाभा म्हणतो. कीड, बुरशी व वाळवी यांपासून झाडाचे रक्षण करणारी द्रव्ये ती हीच. म्हणजे गाभ्याचा रंग, त्याचा टिकाऊपणा आणि त्याचा वास ही एकाच घरची भावंडे होत. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते व वाळवी त्यापासून दूर राहते, हे रसायनशास्त्रज्ञांनी पुढे शोधून काढले. ते नाव आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हते; परंतु कमावलेल्या चामड्यासारखा तो किंचित तेलकट वास ज्या तुळईस येतो ती तुळई नातवंडांच्या काळापर्यंत टिकते, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

आमचे आजोबा उतारवयात मोतीबिंदूमुळे जवळजवळ अंध झाले होते. तरीही गावात कोणी घर बांधावयास काढले म्हणजे वखारीवर त्यांस हात धरून नेत असत. ते ओंडक्यास बोटांनी चाचपीत, पटाशीने एक लहानशी ढलपी काढीत, ती जिभेवर ओली करीत व नाकाशी धरीत. ओल्या लाकडाचा वास अधिक उठतो, हे त्यामागील कारण. एकदा सागाच्या नावाखाली रंग दिलेले भलतेच लाकूड एका व्यापाऱ्याने पुढे केले. आजोबांनी ढलपी हुंगली आणि ती त्या व्यापाऱ्याच्याच हातावर ठेवून ते मुकाट्याने घराकडे वळले. घरमालकाने तो सौदा तेथेच मोडला. डोळ्यांस फसविणे सोपे आहे, नाकास फसविणे कठीण, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो.

ही विद्या आपल्या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या खजिन्यात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंची परीक्षा सांगितली आहे. तेथे चंदनाचे अनेक प्रकार दिले असून त्यांचा रंग व वास नोंदविला आहे. एकास मातीचा वास येतो, एकास आंब्याचा, एकास माशाचा आणि एकास तर चक्क बोकडाच्या मूत्राचा, असे तो ग्रंथकार गंभीरपणे सांगतो. वाचकांस हसू येईल. परंतु वखारीत उभे राहून माल पारखणाऱ्याची भाषा ती हीच आहे. त्याच ग्रंथात अरण्यातून आणावयाच्या कठीण लाकडांची यादी आहे व तिचा आरंभ शाक या नावाने होतो. शाक म्हणजे आपला साग. यादीत पुढे अर्जुन, मधूक म्हणजे मोह, शिंशपा म्हणजे शिसवीच्या कुळातील शिसू, शिरीष व खदिर म्हणजे खैर हीही नावे येतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत पलंग व आसने यांसाठी योग्य झाडे सांगताना असन म्हणजे बिबला, काश्मरी म्हणजे शिवण, तसेच देवदार, साग व चंदन यांचा निर्देश केला आहे. आजही आपल्या हातांखालून जाणारी ही लाकडे पहा. नावे बदलली, झाडे तीच आहेत.

ग्रंथांहून अधिक जिव्हाळ्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले. त्याच्या दगडी छतास आधाराची काही गरज नव्हती. तरीही कारागिरांनी त्यास लाकडाच्या कमानदार फासळ्या बसविल्या आणि स्तूपावर लाकडाचेच छत्र उभारले. दगडात घर कोरतानाही लाकडी घराची आठवण त्यांस सोडवली नाही. त्या फासळ्या व ते छत्र आजही जागेवर आहे. याच लेण्यावर ब्राह्मी लिपीत दात्यांचे व कारागिरांचे लेख आहेत. त्यांतील एकात धेनुकाकट गावचा वर्धकी, म्हणजे सुतार, सामि नावाचा, वेणुवासाचा पुत्र, याने दरवाजा केला असे नमूद आहे. ज्ञातिबांधवहो, आपल्या व्यवसायातील माणसाचे, त्याच्या बापाच्या नावासह कोरलेले, हे नाव दोन हजार वर्षे टिकले आहे! आणि त्याच लेण्याच्या दुसऱ्या एका लेखात त्याच धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दरवाजाचे दान दिल्याचे म्हटले आहे. सुतार आणि गंधी एकाच गावचे आणि दोघांचीही नावे दरवाजाशी जोडलेली, हा योग पाहून आम्ही तेथे बराच वेळ थबकलो होतो. दोघांचाही धंदा गाभ्यातील सुवासाशी निगडित. एक तो कुपीत भरून विकतो, दुसरा त्यात उभे राहून काम करतो.

मराठेशाहीत लाकडाचे मोल राज्यकर्त्यांसही कळले होते. इ. स. १७१५ च्या सुमाराचे जे आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध आहे, त्यात आरमाराच्या गलबतांसाठी लाकूड कसे मिळवावे याचे नियम दिले आहेत. अरण्यातील साग इत्यादी वृक्ष परवानगी घेऊन तोडावे. आंबा व फणस यांचे लाकूडही उपयोगी असले तरी त्यांस हात लावू नये. ही झाडे वर्षादोनवर्षांत होत नसून रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकास राजी करून व त्याचे मोल देऊन घ्यावे, असेही त्यात बजावले आहे. एका ओंडक्यामागे एका कुटुंबाची स्मृती उभी असते, हे ओळखणारा राज्यकारभार होता असे म्हणावे लागेल.

सागाची कीर्ती पुढे समुद्रापार गेली ती मुंबईच्या गोदीतून. सुरतेचे पारशी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजे बांधली. विलायतेतील ओक लाकडात आम्ल असते व ते लोखंडी खिळ्यांस गंज चढविते. सागाचे तेल उलट लोखंडास राखते. मुंबईत १८१३ साली बांधलेल्या कॉर्नवॉलिस या युद्धनौकेवर १८४२ साली इंग्रज व चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८१७ साली मुंबईतच पाण्यात लोटलेली त्रिंकोमाली ही नौका इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात आजही तरंगत आहे. तिचे लाकूड मलबारचे. दोनशेहून अधिक वर्षांनंतरही ते खाऱ्या पाण्यास पुरून उरले आहे.

पुण्याच्या वाड्यांचीही कथा हीच. शनिवारवाड्यास जुन्नरच्या जंगलातील साग आणला होता असे सांगतात. १७३२ साली त्या वाड्याची वास्तुशांत झाली आणि १८२८ सालच्या आगीत त्याचे लाकूडकाम भस्म झाले. इतर वाडे उभे राहिले. परंतु १९६१ सालच्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे अनेक वाडे पाडले व उरलेले पुढे हळूहळू इमारतींसाठी मोडले गेले. त्यांतील तुळया, खांब व कडीपाट जुन्या लाकडाच्या बाजारात आले. अशा तुळया ज्यांनी चिरल्या आहेत त्यांचा अनुभव विलक्षण आहे. बाहेरून ती तुळई धुराने काळी पडलेली, तिच्यावर चुन्याचे पोपडे. परंतु करवत दोन बोटे आत गेली की ताज्या सागाचा वास जसाच्या तसा उठतो. एक ज्ञातिबांधव आम्हांस म्हणाले, "गुरुजी, ज्याने ही तुळई चढविली त्याला जो वास आला तोच मला आला. मधली दीडशे वर्षे गेली कुठे?" या प्रश्नास इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आम्हांस उत्तर सापडलेले नाही.

आता ग्रंथ व राजवाडे सोडून वृद्ध मंडळींनी सांगितलेल्या आठवणींकडे वळू. ऐंशी वर्षे ओलांडलेले एक गृहस्थ देशावरील खेड्यात बलुत्याचे काम करीत. त्यांस सर्वांत प्रिय वास बाभळीचा. हा वास सुगंध म्हणावा असा नाही; तुरट, काहीसा आंबूस. परंतु मृग लागण्यापूर्वी सारा गाव नांगर, कुळव व पाभरी घेऊन त्यांच्या वडिलांच्या दारी येई आणि अंगणात बाभळीच्या ढलप्यांचा ढीग पडे. त्या ढिगाच्या उंचीवरून खळ्यावर धान्य किती मिळणार याचा अंदाज आई बांधीत असे. पुढे लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो बनविला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि कालांतराने तो खेडोपाडी पोहोचला. जमीन खोल नांगरली जाऊ लागली, शेतकऱ्यांचे हित झाले, हे नाकारता येणार नाही. पण त्या अंगणातील ढीग दरसाल लहान होत गेला, असे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज खाली आला.

दुसरे गृहस्थ कोकणातले. त्यांस फणसाच्या लाकडाचा मंद गोडसर वास आला की बहीण आठवते. तिच्या लग्नाच्या खर्चासाठी वडिलांनी परड्यातील तीन फणस विकले. विकत घेणाऱ्याने चिराईचे कामही त्यांनाच दिले. दोन माणसांनी ओढावयाच्या मोठ्या करवतीच्या एका टोकास वडील व दुसऱ्या टोकास बारा वर्षांचा हा मुलगा. ज्या झाडास झोपाळा बांधून भावंडे खेळली तेच झाड त्यांनी पिवळ्याधमक फळ्यांत उतरविले. बहीण सुखाने नांदली, तिची नातवंडे आता मोठी झाली. तरीही फणसाची चौकट करावयाचे काम आले म्हणजे हे गृहस्थ ते मुलाकडे सोपवितात. अमात्यांच्या आज्ञापत्राचा अर्थ आम्हांस खऱ्या अर्थाने उमगला तो ही हकिगत ऐकून.

तिसरे गृहस्थ मुंबईतील एका रेल्वे कारखान्यात डब्यांच्या कामावर होते. त्या काळी प्रवासी डब्यांचे सांगाडे व अंतर्भाग सागाचे असत. १९५५ साली पेरांबूर येथे पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला, तरी जुन्या लाकडी डब्यांच्या दुरुस्त्या पुढे बरीच वर्षे चालल्या. साग, लाखेचे पॉलिश व स्पिरिट यांचा मिश्र वास म्हणजे त्यांचा पहिला पगार. तो वास अंगास इतका मुरे की गावी गेल्यावर आई त्यांस प्रथम हुंगून पाही व मगच जेवावयास वाढी.

या विषयात भगिनीवर्गाचे म्हणणे कोणी विचारीत नाही. आम्ही विचारले. आपल्या घरांतील स्त्रियांनी हातात रंधा धरला नसेल. परंतु संध्याकाळी पोत्यातून येणाऱ्या ढलप्या चुलीस व न्हाणीच्या बंबास त्याच लावीत. एका वृद्ध मातोश्रींनी सांगितले की, बंबाच्या धुरावरून यजमान त्या दिवशी कोणत्या लाकडावर बसले होते हे त्यांस कळे. देवदाराच्या ढलप्या चटकन पेटत व न्हाणीघर देवळासारखे दरवळे. शिरीषाचा भुसा झटकताना शिंका आवरत नसत. शिसवीच्या ढलप्यांचा गोड वास त्यांस इतका आवडे की त्या जाळण्याचे जिवावर येई. मूठभर ढलप्या त्या लुगड्यांच्या पेटीत ठेवीत. यजमान जाऊन अनेक वर्षे झाली. ती पेटी त्या अजून वरचेवर उघडीत नाहीत, वास उडून जाईल म्हणून.

वासाबरोबर आठवण इतक्या वेगाने का येते, याचे कारण शरीरशास्त्र असे देते की, इतर इंद्रियांच्या संवेदना मेंदूतील एका मध्यस्थ केंद्रातून पुढे जातात, तर गंधाची संवेदना भावना व स्मृती यांच्या स्थानांशी अधिक थेट जोडलेली आहे. वास ओळखणाऱ्या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल व लिंडा बक यांस २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्यापुरते सांगावयाचे तर आम्ही हातोडी सोडून खडू धरला, तरी लाकडाच्या वासाने आमची पाठ सोडली नाही. वर्गात मुले पेन्सिलीस टोक काढू लागली की आम्हांस पडवीतील रंधा ऐकू येई. एके काळी उत्तम पेन्सिली अमेरिकेतील सुवासिक ज्युनिपरच्या लाकडाच्या असत. आता आपल्याकडील पेन्सिलींसाठी काश्मिरातील पुलवामा भागातील पॉपलरच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्या लाकडास वास जवळजवळ नाही.

या बदलास कारणे आहेत व त्यांबद्दल कोणास दोष देणे योग्य नाही. रेल्वेच्या मार्गांसाठी, कारखान्यांसाठी व शहरांसाठी जंगले फार तुटली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर व विनापरवाना करवत गिरण्यांवर कडक निर्बंध घातले, ते आवश्यकच होते. आज वखारीत घाना व इक्वेडोरचा लागवडीचा साग आहे, न्यूझीलंडचे राळेच्या वासाचे पाइन आहे आणि त्याहून अधिक प्लायवूड व भुशाच्या दाबलेल्या फळ्या आहेत. आपले तरुण त्यांवरही उत्तम काम करितात. परंतु त्या फळ्या कापताना नाकात जो झणका जातो तो लाकडाचा नसून डिंकातील फॉर्मल्डिहाइडचा असतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. इंग्लंडातील हाय विकम हे खुर्च्या व टेबले बनविणाऱ्यांचे गाव. तेथील कारागिरांत नाकाच्या आतील कर्करोग असाधारण प्रमाणात आढळतो, हे त्या भागातील डॉक्टर एझ्मी हॅडफील्ड यांच्या १९६० नंतरच्या दशकात ध्यानात आले. पुढे १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा, आणि २००४ साली फॉर्मल्डिहाइडचा, माणसास निश्चित कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत समावेश केला. हातरंध्याने ढलप्या निघत व त्या खाली पडत. यंत्राच्या घासणीने निघणारी धूळ इतकी सूक्ष्म असते की ती हवेत तरंगत राहते. ज्या नाकाने आपल्या पूर्वजांनी लाकूड पारखले त्याच नाकावर हे संकट आहे. चांगला मुखपट्टा, धूळ ओढून घेणारे यंत्र व हवेशीर जागा यांवर खर्च करावयास कोणीही मागेपुढे पाहू नये. वास घ्यावयाचा तो ढलपीचा, धुळीचा नव्हे.

नाकाचे मोल आमच्या एका पुतण्यास २०२१ साली कळले. साथीच्या आजारातून तो बरा झाला, पण वास गेला. कामावर परतल्यावर साग, शिसव, प्लायवूड सर्व त्यास सारखेच. तो म्हणे, "काका, माप बरोबर येते, सांधा बरोबर बसतो, पण काम आपले वाटत नाही." चार महिन्यांनी देवदाराची फळी चिरताना वास पुसटसा परत आला, तेव्हा त्याने यंत्र बंद केले व घरी फोन करून आईस सांगितले.

असो. विस्तारभयास्तव येथे थांबावयाचे, परंतु एक सूचना करून. डेहराडून येथील १९०६ साली स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेत देशोदेशींच्या लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. त्या संग्रहात झाडाचे शास्त्रीय नाव मिळेल; बंबातील धूर, बाभळीच्या ढिगाची उंची आणि परड्यातील तीन फणस मिळणार नाहीत. ते आपणच जपावयाचे आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्याकडील जुन्या लाकडाचा वीतभर तुकडा घ्यावा. त्यास आपल्या गावात म्हणतात ते नाव, ते कोणत्या कामातून उरले, कोणाच्या हातचे होते आणि त्याच्या वासाने घरातील वडीलधाऱ्यांस काय आठवते, हे कागदावर लिहून त्यासोबत बांधावे व पुढील वार्षिक मेळाव्यास आणावे. वास पुसट झाला असेल तर पटाशीने एक ढलपी काढावी. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्याकडे आम्ही स्वतः वही घेऊन येऊ. मात्र वृद्ध मंडळी आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे, तेव्हा निरोप लवकर धाडावा.